अकरा तालुक्यांचा एक खासदार

हिंगोली जिल्ह्यात तालुके पाच, आणि हिंगोली लोकसभा मतदारसंघात अकरा. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो विचारतो, उरलेले सहा कुठले? हदगाव, हिमायतनगर, किनवट आणि माहूर हे नांदेड जिल्ह्यातले. उमरखेड आणि महागाव यवतमाळ जिल्ह्यातले. विधानसभेच्या हिशेबाने बघितलं तर बरोबर निम्मं निम्मं आहे. वसमत, कळमनुरी, हिंगोली हे तीन आतले. हदगाव, किनवट, उमरखेड हे तीन बाहेरचे. त्यातलं उमरखेड तर मराठवाड्यातसुद्धा नाही. पैनगंगेचा पूल ओलांडला की विदर्भ लागतो.

मी कळमनुरी तालुक्यातला. नोकरी नांदेड जिल्हा परिषदेच्या शाळेत, आधी किनवटच्या डोंगरात आणि नंतर हदगावकडे. बहीण दिलेली उमरखेडच्या बाजूला. त्यामुळे या मतदारसंघाची तिन्ही टोकं मला घरच्यासारखी माहीत आहेत, आणि एवढ्या वर्षांत असा दुसरा माणूस मला उमेदवार सोडून फारसा भेटलेला नाही. वसमतच्या हळदवाल्याचं किनवटला काय काम? त्याचा मोंढा वसमतला नाहीतर हिंगोलीला, दवाखाना नांदेडला. किनवटचा माणूस बाजाराला आदिलाबादला जातो, महागावचा पुसदला जातो. हिंगोलीच्या कलेक्टर कचेरीशी या दोघांचा संबंध पाच वर्षांतून एकदाच येतो, तोही त्यांच्या मशीनचा. ते मशीन दीडशेक किलोमीटर प्रवास करून हिंगोलीला मोजणीसाठी जातं. बटन दाबणारी म्हातारी आयुष्यात हिंगोलीला गेलेली नसते.

रेल्वेचं तर आणखी मजेशीर आहे. मतदारसंघात दोन लोहमार्ग आहेत आणि मतदारसंघाच्या हद्दीत त्यांची गाठ कुठेच पडत नाही. पूर्णा–अकोला मार्गावर वसमत आणि हिंगोली. मुदखेड–आदिलाबाद मार्गावर हिमायतनगर आणि किनवट. वसमतहून रेल्वेने किनवटला निघालात तर पूर्णा, नांदेड, मुदखेड, भोकर असा वळसा घ्यायचा. म्हणजे परभणी आणि नांदेड या दोन परक्या मतदारसंघांतून जाऊन आपलाच मतदारसंघ गाठायचा. उमरखेडला रेल्वे नाहीच. वर्धा–यवतमाळ–नांदेड हा मार्ग तिथून जाणार आहे आणि पुढे हदगावलाही लागणार आहे. त्याचा वर्धा ते कळंब एवढा तुकडा २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झाला. या रेल्वेचं भाषण न केलेला उमेदवार मी तरी ऐकलेला नाही.

हे तुकडे कधी एकत्र नव्हतेच. पैनगंगा ही जुनी सरहद्द. अलीकडे निजामाचं हैदराबाद संस्थान, पलीकडे इंग्रजांच्या ताब्यातला वऱ्हाड. हिंगोली, कळमनुरी, वसमत तेव्हा परभणी जिल्ह्यात. हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ ला. हदगाव नांदेडात होतं, आणि किनवट तर १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात. १७ सप्टेंबरला आमच्याकडे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचा झेंडा चढतो, शाळेत भाषणं होतात. त्याच दिवशी बहिणीच्या गावात काहीच नसतं, कारण त्यांना निजामापासून मुक्त व्हायची गरजच नव्हती. खासदार मात्र दोघांचा एक. हदगावच्या सभेत तो मराठवाड्याच्या अनुशेषावर बोलतो, पूल ओलांडून उमरखेडात गेला की विदर्भाच्या अनुशेषावर. दोन्ही खरंच असतात, म्हणून त्याला खोटारडा म्हणता येत नाही. या सगळ्यांना जोडणारी एकच गोष्ट आहे, इसापूरचं धरण. ते पैनगंगेवर, यवतमाळ जिल्ह्यातल्या गावाच्या नावाचं, आणि पाणी तीन जिल्ह्यांना. पाणी कमी पडलं की तीन जिल्हे पहिल्यांदा एकमेकांशी बोलतात. म्हणजे भांडतात.

१९७७ साली हा मतदारसंघ पहिल्यांदा मतदानाला गेला, आणि जनता पक्षाचे चंद्रकांत पाटील गोरेगावकर निवडून आले. मग १९८०, १९८४ आणि १९८९ असे तीनदा काँग्रेसचे उत्तम राठोड. ते किनवटकडचे, बंजारा समाजातले. सलग निवडून येणारे ते शेवटचे. १९९१ ला शिवसेनेचे विलासराव गुंडेवार, १९९६ ला सेनेचेच शिवाजी माने, १९९८ ला काँग्रेसच्या सूर्यकांता पाटील, १९९९ ला पुन्हा माने, २००४ ला पुन्हा सूर्यकांता पाटील पण या वेळी राष्ट्रवादीकडून, २००९ ला सेनेचे सुभाष वानखेडे, २०१४ ला काँग्रेसचे राजीव सातव, २०१९ ला सेनेचे हेमंत पाटील, २०२४ ला उद्धव ठाकरे यांच्या सेनेचे नागेश पाटील आष्टीकर. १९९१ पासून नऊ निवडणुका, आणि लागोपाठ दोनदा कुणीही नाही.

पारावर बसलेला कोणताही माणूस तुम्हाला हे छाती काढून सांगतो: "हिंगोली कुणाला रिपीट करत नाही." वर्तमानपत्रंही दर निवडणुकीला तेच छापतात. मतदार कसा चोखंदळ, कसा जागरूक, काम न करणाऱ्याला घरी बसवतो वगैरे. मला ही बढाई फारशी पटत नाही. नीट बघितलं तर शेवटच्या दोन वेळा मतदाराला घरी बसवण्याची संधीच मिळालेली नाही. २०१९ ला राजीव सातव उभेच राहिले नाहीत. पक्षाने त्यांच्याकडे गुजरातची जबाबदारी दिलेली होती. २०२४ ला हेमंत पाटलांची उमेदवारी शिंदे सेनेने जाहीर केली आणि मग मागे घेतली. त्यांच्या जागी हदगावचे बाबुराव कदम कोहळीकर आले, पाटलांच्या पत्नी राजश्री पाटील यांना यवतमाळ–वाशिमला उभं केलं. म्हणजे रिपीट न करण्याचा निर्णय मुंबईत आणि दिल्लीत झाला, श्रेय मात्र हिंगोलीच्या पारावरचा माणूस घेतो. आमच्या मताची परीक्षा घ्यायची वेळ आली की उमेदवारच बदललेला असतो. ज्याने पाच वर्षं काम केलं किंवा केलं नाही, तो समोर उभा तर पाहिजे ना? वानखेडे २०१४ ला धनुष्यबाणावर हरले आणि २०१९ ला पंजावर हरले. त्यांना पाडलं म्हणायचं तर कुठल्या वानखेड्यांना?

खरी अडचण मला वेगळी वाटते. एवढ्या पसरलेल्या मतदारसंघात खासदार कायम कुणाच्या तरी दुसऱ्याच गावचा असतो. २००४ पासूनचे पाच खासदार घ्या. सूर्यकांता पाटील, वानखेडे आणि आष्टीकर हे तीन हदगावचे, सातव कळमनुरीचे, हेमंत पाटील नांदेडचे आमदार होते. २०२४ ला तर दोन्ही मोठे उमेदवार हदगाव विधानसभेतलेच होते. हदगावच्या दोन घरांत कुस्ती, आणि त्यातून हिंगोलीला खासदार. उमरखेड, महागाव, माहूरच्या लोकांनी या वीस वर्षांत आपल्या तालुक्यातला माणूस दिल्लीला गेलेला पाहिलेला नाही. ते तरी काय करणार, ज्याचं तोंड बघितलेलं नाही त्याला मत द्यायचं तर चिन्ह बघूनच द्यावं लागतं.

किनवट तालुक्यात शिक्षक असताना, आणि नंतर हदगावला असतानाही, निवडणुकीची ड्युटी किनवटच्या आतल्या केंद्रांवर लागायची. एप्रिलमधलं मतदान. सकाळी सातला केंद्र उघडायचं, त्याआधी दीड तास एजंटांसमोर अभिरूप मतदान घ्यायचं, निदान पन्नास मतं टाकून दाखवायची, मग मशीन पुसून शून्य करून दाखवायचं. एजंट झोपेतच असतात, पण "शून्य" शब्दाला डोळे उघडतात. त्यानंतर नऊ-साडेनऊपर्यंत केंद्रावर चिटपाखरू नसायचं. पहिल्यांदा मी घाबरलो होतो, बहिष्कार वगैरे आहे की काय. तिथला कोतवाल हसला. म्हणाला, "गुरुजी, मोहाचे दिवस हायत. पहाटे पडलेलं फूल उन्हं चढायच्या आधी वेचलं नाही तर ढोरं खातात. येतील." आणि आले. दहाच्या सुमाराला बायांचा घोळका आला, टोपल्या झाडाखाली ठेवून, आणि मग रांग दुपारपर्यंत तुटली नाही. आमच्याकडे दर दोन तासांची टक्केवारी कळवायची असते. सकाळच्या आकड्यावरून टीव्हीवर जे "निरुत्साह" म्हणतात, त्यात किती मोह असतो ते त्यांना कुठून कळणार. केंद्रावर मोबाइलला रेंज नसायची, त्यामुळे आकडा कळवायला माणूस मोटारसायकलवर टेकडीपर्यंत जायचा.

रांगेत गोंड, कोलाम, आंध, बंजारा, मराठा, बौद्ध, मुसलमान सगळे. काही म्हाताऱ्यांना मराठी कळायचं पण बोलायच्या गोंडी. एका आजीने शाई लावून घेतली, आत गेली, बटन दाबलं, बीप वाजला, बाहेर येऊन उभी राहिली. "झालं, जा आजी." ती जाईना. तिला वाटलं अजून काहीतरी असेल. कागदाच्या काळात शिक्का मारून, घडी घालून, स्वतःच्या हाताने पेटीत टाकायची सवय. "एवढंच?" तिने विचारलं. २०१९ पासून व्हीव्हीपॅट आलं, काचेत सात सेकंद चिठ्ठी दिसते आणि पडते. आजीला ते बरं वाटलं असतं.

संध्याकाळी सहाला दार बंद होतं, पण रांग असेल तर केंद्राध्यक्षाला चिठ्ठ्या वाटाव्या लागतात, आणि त्या शेवटच्या माणसापासून पुढे वाटायच्या. एक नंबरची चिठ्ठी सगळ्यात मागे उभ्या असलेल्याला. मला हा नियम फार आवडतो, कारण त्यामुळे मागून कुणी घुसू शकत नाही, आणि एरवी कुठल्याच सरकारी कामात शेवटच्याला पहिला नंबर मिळत नाही. त्यानंतर १७-सी नमुना भरायचा, एकूण मतं, एजंटांच्या सह्या, मग लाखेची मोहोर, मग एसटी, मग रात्र. साहित्य जमा करून पावती हातात पडेपर्यंत कधी कधी पहाट व्हायची, आणि मग आपल्याच गावचा माणूस फोनवर पहिला प्रश्न विचारायचा: "तिकडं हवा कुणाची होती?"

हवा. आमच्याकडे लोकसभेत मत हवेवर पडतं, विधानसभेत माणसावर. याचा सगळ्यात ठळक पुरावा २०२४. २६ एप्रिलला लोकसभेचं मतदान झालं तेव्हा सहापैकी पाच आमदार महायुतीचे होते, एकटे हदगावचे माधवराव जवळगावकर काँग्रेसचे. लीड आमदार देतात, असं राजकारणी मानतात. पाच आमदारांचं पाठबळ असून महायुतीचा उमेदवार एक लाख आठ हजारांवर मतांनी पडला. मराठा आरक्षणाचं आंदोलन, सोयाबीनचा पडलेला भाव, फुटलेल्या पक्षांबद्दलची चीड, सगळं एकत्र वाहत होतं. मराठवाड्यातल्या आठपैकी सात जागा तेव्हा महाविकास आघाडीकडे गेल्या. आणि त्याच मतदारांनी नोव्हेंबरमध्ये त्याच सहा विधानसभा महायुतीला दिल्या, सहाच्या सहा. एप्रिलमध्ये पडलेले कोहळीकर नोव्हेंबरमध्ये हदगावचे आमदार झाले. आमच्याच शेजारी नांदेडला तर एकाच दिवशी तसं झालं. खासदार वसंतराव चव्हाण वारले, पोटनिवडणूक विधानसभेबरोबरच लागली, सहाही विधानसभा महायुतीकडे गेल्या, आणि लोकसभेला काँग्रेसचे रवींद्र चव्हाण १,४५७ मतांनी आले. त्याच खोलीत, दोन मशीनवर, दोन वेगळी बोटं. बोटं कसली, एकच बोट.

हवेचा हा सिद्धांत मी बऱ्याच जणांना ऐकवलेला आहे आणि त्यावर एक हुशार माणूस लगेच २०१४ काढतो. बरोबर आहे, तिथं माझं म्हणणं मार खातं. त्या वर्षी देशात मोदींची लाट, महाराष्ट्रात काँग्रेसच्या वाट्याला फक्त दोन जागा, त्यातली एक नांदेडला अशोक चव्हाणांची, आणि दुसरी हिंगोली. राजीव सातव १,६३२ मतांनी आले. अकरा तालुक्यांत १,६३२. बूथमागे साधारण एखादं मत. त्या रात्री आमच्या तालुक्यातल्या प्रत्येक कार्यकर्त्याला खात्री होती की खासदार त्यानेच निवडून आणला, आणि हिशेबाने प्रत्येकाचं खरंही होतं. सातव त्याआधी कळमनुरीचे आमदार, आई रजनीताई मंत्री राहिलेल्या. एका टोकाला तरी लोक त्यांना माणूस म्हणून ओळखत होते, आणि तेवढ्यावर लाट अडली. लोकसभेत त्यांनी प्रश्नही खूप विचारले, संसदरत्न पुरस्कार मिळाला. मे २०२१ मध्ये कोरोनानंतरच्या आजारात ते गेले तेव्हा सेनेच्या घरातही चूल उशिरा पेटली होती. पाच वर्षं काम करून ते हिंगोलीत दुसऱ्यांदा उभे राहिले असते तर रिपीट झाले असते का, हे बघायला मला खरोखर आवडलं असतं. आमच्या त्या बढाईची खरी परीक्षा तीच होती.

लोक विचारतात, खासदार गावात का येत नाही. आता हे गणित बघा. खासदाराला स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी. अकरा तालुक्यांत वाटला तर तालुक्याला ४५ लाख, त्यात एक सभागृह आणि दोन-चार हातपंप. महाराष्ट्रात आमदाराचा निधीही वर्षाला ५ कोटीच आहे, आणि तो एकाच विधानसभेला. म्हणजे सहा आमदारांकडे मिळून ३० कोटी आणि त्या सगळ्यांच्या डोक्यावर बसलेल्या खासदाराकडे ५. गल्लीतला रस्ता मागायला खासदाराकडे जाणारा माणूस मुळात चुकीच्या दारात उभा असतो. खासदाराचं काम रेल्वे, राष्ट्रीय महामार्ग, हळदीच्या निर्यातीचं धोरण, सोयाबीनची हमीभावाने खरेदी. पण याचा हिशेब गावात बसून कोण मागणार? गावाला दिसतो सभागृहावरचा फलक. त्या फलकावर ज्याचं नाव नाही तो काहीच न केलेला. मग पाच वर्षांनी "काय केलं त्यानं?" हा प्रश्न, आणि त्याचं उत्तर कुणालाच देता येत नाही, ना मतदाराला, ना त्याला. बदल मागायला याहून सोपं कारण लागत नाही.

अर्थात खासदार म्हणून उभं राहणाऱ्याचीही कीव येते. अर्ज भरल्यापासून मतदानापर्यंत हातात तीन आठवडे, खर्चाची मर्यादा ९५ लाख, गावं शेकडो. माहूरला रेणुकेचं दर्शन घेऊन सकाळी निघालेला माणूस औंढ्याला नागनाथापर्यंत पोचेपर्यंत दिवस मावळतो, आणि मधल्या गावांतले लोक हार घेऊन रस्त्यावर उभे राहून कंटाळलेले असतात. गाडीची काच खाली, हात जोडलेले, पुढे. लग्नसराईतला एप्रिल असतो, म्हणून बहुतेक उमेदवारांनी सगळ्यात जास्त मतदार पाहिलेले असतात ते लग्नाच्या मांडवात. अक्षता टाकून, वधूपित्याचा खांदा थोपटून निघायचं. नवरदेवाचं नाव गाडीत बसल्यावर विचारायचं.

सध्याच्या सीमा २००१ च्या जनगणनेवर आखलेल्या, २००८ पासून लागू. नव्या जनगणनेनंतर पुन्हा पुनर्रचना होईल, आणि तेव्हा हे अकरा तालुके असेच राहतील असं कुणी धरून चालू नये. बहिणीच्या घरी यावर मोठी चर्चा झडते. उमरखेड यवतमाळात घाला, आमचं सगळं तिकडंच आहे, असं भाऊजींचं म्हणणं. हदगावच्या माझ्या जुन्या सहकाऱ्यांना नांदेड हवंय, कारण कचेरी, कॉलेज, दवाखाना तिथं. हिंगोलीवाल्यांना वाटतं परभणीचा एखादा तालुका मिळाला तर जुनं घर परत मिळाल्यासारखं होईल. किनवटला वेगळा जिल्हा करा ही मागणी मी नोकरीला लागलो तेव्हाही होती, अजूनही आहे.

किनवटच्या एका मित्राला मी फोनवर विचारलं, तुम्हाला कुठं जायला आवडेल? तो म्हणाला, "आम्हाला कुठंबी जोडा गुरुजी. हिंगोली काय अन् नांदेड काय, उमेदवाराचा अर्ज भरायला आमच्या माणसानं सकाळची पहिली गाडीच धरायची हाय. फक्त एक करा, मतदान एप्रिलात नका ठेवू. मोहाचा हंगाम बुडतो."